माकडहाडाचे दुखणे आणि शस्त्राचा उपाय



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर काल अर्थशास्त्र होते, उद्या संतवाङ्मय आहे, आणि मध्येच आज माकडहाड आलेले पाहून कित्येकांना हसू आले असेल. आम्हांस त्याचा राग नाही. हे हाड शरीरात अशा जागी आहे की चारचौघांत त्याचा उच्चार करताना मनुष्य घुटमळतो, आणि त्यातून त्याच्या नावात माकड येऊन बसलेले! परंतु ज्याचे हे हाड दुखत असते, त्याच्या दुःखातला मोठा वाटा या हसण्याचाच असतो, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. तेव्हा ते हसू आरंभीच उरकून घेतलेले बरे.

आपल्याकडे घरी कोणी आले की पहिला शब्द निघतो तो 'बसा'. पाण्याचा तांब्या त्याच्या मागून येतो. पाट मांडणे, सतरंजी पसरणे, आसन देणे, हे आपले आदराचे सारे प्रकार बसण्याशी जोडलेले आहेत. गाण्याची आपल्याकडे बैठक होते, जेवणाची पंगत बसते, निश्चयी माणूस ठाण मांडून बसतो, आणि ज्याचे कशातच लक्ष नाही त्याचे बूड स्थिर नाही असे आपण म्हणतो. आता असा एक मनुष्य डोळ्यांपुढे आणा, की ज्याला 'बसा' हा शब्द शिक्षेसारखा वाटतो. तो आजारी दिसत नाही. चालतो, जिने चढतो, हसतो, बोलतो. फक्त त्याला बसता येत नाही. अशा माणसाला आपण काय म्हणतो? 'उगीच नाटके करतो' असे म्हणतो. आणि हे केवळ शेजारीपाजारीच म्हणत नाहीत; आम्ही डॉक्टरांनीही तेच म्हटलेले आहे.

आम्ही हाडांचे डॉक्टर. धंद्यास लागून थोडीच वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आसपास. नळाजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरून त्या थेट खाली बसल्या होत्या. पंधरा दिवसांत बरे वाटेल असे ज्याने त्याने सांगितले. त्या गोष्टीला दीड वर्ष झाले होते. वर्गात त्या उभ्याने शिकवीत, ते कोणाच्या लक्षात येण्याजोगे नव्हते. पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतही त्या उभ्याच असत. घरी वह्या तपासायच्या तर पलंगाशी गुडघे टेकून. एस.टी.त जागा मिळाली तरी दांडा धरून उभ्या. लग्नकार्यात पंगत बसली की त्या वाढायला निघत, आणि 'बाई किती कामसू' म्हणून मंडळी त्यांची स्तुती करीत. आम्ही त्यांना टेबलावर आडवे निजवून एक्स-रे काढला, फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणालो, "बाई, हाड शाबूत आहे. तुम्ही काळजी फार करता. मन कशात तरी रमवा." चार गोळ्या लिहून दिल्या. बाई काही बोलल्या नाहीत. दोन्ही हात खुर्चीवर टेकून, अंग पुढे झुकवून, हळूहळू उठल्या आणि गेल्या. ते उठणे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. त्या उठण्यातच रोगाचे निदान होते, हे कळण्याइतके मात्र आम्ही तेव्हा शिकलेलो नव्हतो.

आता हे हाड आहे तरी काय ते पाहू. पाठीचा कणा खाली उतरत उतरत कमरेपाशी त्रिकास्थी नावाच्या पाचरीसारख्या हाडात मिळतो, आणि त्या पाचरीच्या टोकाला तीन ते पाच, बहुधा चार, बारीक तुकड्यांचे, पुढच्या बाजूस वळलेले जे शेपूट राहते ते माकडहाड. आमच्या पूर्वजांना शेपटी आठवली म्हणून त्यांनी माकडाचे नाव दिले. ग्रीकांना तेच हाड कुक्कू पक्ष्याच्या चोचीसारखे दिसले म्हणून त्यांनी त्या पक्ष्याचे नाव दिले, आणि वैद्यकात आजही तेच चालते. सुश्रुताने कंबरेखालच्या भागात, म्हणजे श्रोणीत, पाच हाडे मोजली, त्यांत गुदाजवळचे एक हाड वेगळे सांगितले आहे. म्हणजे ते अगदीच बेदखल नव्हते.

शेपटी गेली आणि हे ठूठ उरले, तेव्हा ते निरुपयोगी असणार असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. गुदद्वार व ओटीपोटाचा तळ ज्या स्नायूंनी झोळीसारखा तोलून धरलेला असतो, त्या झोळीची मागची दोरी या हाडाला बांधलेली आहे. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे काही धागेही येथेच येतात. शिवाय आपण बसतो तेव्हा भार मुख्यतः दोन बाजूंच्या बैठकीच्या हाडांवर पडतो, आणि आपण मागे रेललो म्हणजे तिसरा पाय म्हणून हे माकडहाड भाराखाली येते. तिवईची उपमा येथे बरोबर लागू पडते. भार आला की निरोगी हाड थोडे लवते, पाच अंशांपासून पंचवीस अंशांपर्यंत, आणि उठले की पूर्वजागी येते. हे लवणे बिघडले, की दुखणे सुरू.

बिघाड कसा होतो? पुष्कळदा पडण्याने, विशेषतः थेट बुडावर आपटण्याने. बायकांमध्ये बाळंतपणात, मूल बाहेर येताना हे हाड मागे लोटले जाते, त्या वेळी. कित्येकांत काहीच कारण सापडत नाही. शरीर स्थूल असले तर बसताना हाडाची फेक निराळी होते व सांधा मागे निसटण्याचा संभव वाढतो. अगदी कृश माणसाच्या हाडाच्या टोकाला कधी एखादे अणकुचीदार टोक असते आणि ते कातडीवर रुतते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हे दुखणे कितीतरी अधिक. आणि येथेच आमच्या समाजाची लाज आड येते. घरातल्या बाईने कोणत्या तोंडाने सांगावे की अमुक ठिकाणी दुखते? सांगितले तरी दाखवावे कोणाला? वर्ष-दोन वर्षे ती उशीवर एका बाजूला कलून बसते, आणि घरच्यांना वाटते, ही तिची सवयच आहे.

या दुखण्यावर शस्त्र चालवण्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, आणि तो बोधप्रद आहे. १८४४ साली अमेरिकेत, अलाबामा राज्यातील मोबील या गावच्या जोसाया नॉट नावाच्या डॉक्टराने असह्य वेदनेसाठी हे हाड काढून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध केली. ईथरची भूल बोस्टन येथे लोकांपुढे दाखवली गेली ती १८४६ साली. तेव्हा हे काम भुलेचा प्रसार होण्यापूर्वीचे. सुरी लागत असता शुद्धीवर राहणे ज्याला परवडले, त्याची मूळ वेदना केवढी असेल याची कल्पना करावी. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की हाच नॉट गुलामगिरीच्या समर्थनासाठी वंशश्रेष्ठत्वाचे ग्रंथ लिहिणारा म्हणून अपकीर्त झाला. एका माणसाचे दुखणे खरे मानणारा डॉक्टर दुसऱ्या हजारोंचे दुःख नाकारू शकतो, हे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडलेले आहे.

या दुखण्याला शास्त्रीय नाव दिले ते एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी, १८५९ साली. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणणारे ते हेच सिम्प्सन. ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळे बाळंतिणींचे हे गाऱ्हाणे त्यांच्या कानी वारंवार येई. त्यांचे मोठेपण असे की त्यांनी ते ऐकले. कातडीखालून बारीक सुरी घालून हाडाला चिकटलेले स्नायू सोडवून घेण्याची युक्ती त्यांनी सांगितली, आणि तेवढ्याने न भागल्यास हाड काढण्याचा मार्ग होताच.

पुढे मात्र जे घडले ते आमच्या धंद्याला भूषणावह नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कंबर दुखली की माकडहाडावर बोट ठेवण्याची एक लाटच आली. ज्याचे त्याचे हाड काढले जाऊ लागले. ज्यांचे दुखणे मुळात तेथे नव्हतेच, त्यांना हाड गमावून गुण कसा यावा? निकाल वाईट लागले, जखमा चिघळल्या, आणि ऑपरेशनची नाचक्की झाली. १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी कण्यातील चकती सरकून मज्जारज्जूच्या फाट्यावर दाब येतो हे दाखवून दिल्यावर कंबरदुखीचे सगळे खापर चकतीवर फुटू लागले, आणि माकडहाड अडगळीत पडले. तेथे दुखते असे म्हणणारी व्यक्ती, त्यातून ती स्त्री असली तर, 'मनाची रोगी' ठरू लागली. म्हणजे प्रथम आम्ही नको त्यांचे हाड काढले; आणि त्या चुकीची शिक्षा म्हणून, ज्यांना खरोखर गरज होती त्यांनाही दारातून परत पाठवले. दोन्ही वेळा चूक सुरीची नव्हती, निवडीची होती.

या काळातही काही मंडळी नेटाने काम करीत होती. १९३७ साली अमेरिकेत थीली यांनी दाखवून दिले की पुष्कळांचे दुखणे हाडापेक्षा हाडाला बांधलेल्या स्नायूंच्या आखडण्याचे असते, व आतून बोटाने मर्दन करून ते सैल करता येतात. त्याच वर्षी की यांनी हाड काढण्याची पद्धत नीट लिहून ठेवली. १९८३ साली पोस्टाकिनी व मासोब्रिओ या दोघा इटालियन डॉक्टरांनी दुखणे नसलेल्या माणसांचे एक्स-रे तपासून हाडाच्या ठेवणीचे चार प्रकार सांगितले. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली: चांगल्या धडधाकट माणसांचे माकडहाडही वाकडे असू शकते. तेव्हा फिल्ममध्ये हाड वाकडे दिसले एवढ्यावरून ते आजारी ठरत नाही, आणि सरळ दिसले म्हणून ते निरोगीही ठरत नाही.

मग ठरवायचे कशावरून? याचे उत्तर पॅरिसच्या झाँ-ईव्ह मेन्य यांनी १९९० नंतरच्या दशकात दिले, आणि ते इतके साधे आहे की ते आपल्याला सुचू नये याची लाज वाटावी. दुखणे बसल्यावर होते ना? मग एक्स-रे बसलेला असताना काढा! त्यांनी रुग्णाची एक फिल्म उभे असताना बाजूने काढली, आणि दुसरी कठीण स्टुलावर, जशी दुखेल तशी बैठक करवून. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहिल्या. कोणाचे हाड बसताच मागे निसटत होते, कोणाचे पंचवीस अंशांहून जास्त आत मुडपत होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २०८ रुग्णांच्या पाहणीत दहांपैकी सुमारे सात जणांच्या दुखण्याला असे काही ना काही दिसणारे कारण सापडले. आम्ही त्या शिक्षिकेला टेबलावर निजवून फिल्म काढली होती. गाडी उभी असताना चाक डगमगते की नाही हे कोणाला दिसणार?

तत्पूर्वी १९९१ साली डॉ. रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० रुग्णांचा काळजीपूर्वक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांचा एक निष्कर्ष आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. हे दुखणे खरे असून त्रासदायक आहे, आणि आमच्या रुग्णांत मानसिक विकाराचा काहीही पुरावा आढळला नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. हे वाक्य वाचले त्या दिवशी आम्हांस त्या बाई आठवल्या.

त्याच अभ्यासात उपचारांचा क्रमही आला आहे. दुखऱ्या जागी भुलीचे औषध व स्टेरॉइड यांचे इंजेक्शन दिले तेव्हा शंभरांत साठांना गुण आला. इंजेक्शनाबरोबर, भूल देऊन, हाड हाताने हलवून मोकळे केले तेव्हा सुमारे ८५ टक्के बरे झाले. हाड काढण्याची पाळी आली ती पाचांतल्या एकावर, त्याहूनही किंचित कमी. आणि ज्यांचे काढले त्यांत शंभरांत नव्वदांहून अधिक जणांना गुण आला. यातला पहिला भाग आधी लक्षात ठेवावा: पाचांतल्या चौघांना सुरी लागत नाही.

म्हणून आमच्याकडे कोणी आले की शस्त्राची गोष्ट शेवटी निघते. आरंभी बसण्याची उशी. मध्ये भोक असलेली टायरसारखी उशी पुष्कळांना माहीत असते, पण पाचरीच्या आकाराची, मागच्या बाजूला खाच असलेली उशी बहुधा अधिक उपयोगी पडते, कारण तिने माकडहाड अधांतरी राहते आणि भार दोन बाजूंच्या हाडांवर जातो. बसताना मागे न रेलता किंचित पुढे झुकणे, दर अर्ध्या तासाने उठणे, शौचास कडक होऊ न देणे, ताज्या दुखापतीत काही दिवस दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या, एवढ्यावर कित्येकांचे काम दोनतीन महिन्यांत होते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतील तर ते सैल सोडण्याचे शिक्षण जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून घ्यावे. मग इंजेक्शन. हाडाच्या पुढे मज्जातंतूंची एक एकुलती एक गाठ असते, तिच्यापाशी औषध सोडण्याची रीत १९९० पासून माहीत झाली आहे. तीही काहींना उपयोगी पडते. हे सारे नीट, पुरेसा वेळ देऊन करून पाहिले, सहा महिने गेले, तरी मनुष्य बसू शकत नाही, आणि बसलेल्या फिल्ममध्ये हाड निसटताना दिसते, अशा वेळी शस्त्राचा विचार करणे रास्त होय. आणि अशा वेळी तो न करणे हेही अन्यायाचे होय.

त्याआधी दुसरे काही नाही ना, हे पाहून घ्यावेच लागते. रात्री झोपेतही दुखणे, ताप, वजन उतरणे, तेथे गाठ लागणे, पायांत किंवा जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांतले काही असेल तर प्रश्न निराळा. त्या भागात क्वचित ट्यूमर असतो, क्षयाचा किंवा इतर जंतूंचा प्रादुर्भाव असतो. केस आत रुतून होणारा नाडीव्रण, भगंदर, मूळव्याध यांनाही लोक माकडहाडाचे दुखणे समजतात. म्हणून लागेल तेव्हा एमआरआय काढतात. हे न पाहता हाड काढणे म्हणजे घराला आग लागली असता दाराची कडी बदलणे.

आता ऑपरेशन कसे होते ते थोडक्यात सांगतो. पोट साफ करवून व जंतुनाशक औषध आधीच देऊन रुग्णाला भूल देतात व पालथे निजवतात. दोन कुल्ल्यांच्या मधल्या घळीच्या वरच्या भागात, मधोमध, बोटभर लांबीचा छेद. मग हाडाला धरून, हाडाच्याच पृष्ठभागावरून, चारी बाजूंचे स्नायू आणि आवरण सोडवत जायचे. येथे शस्त्रवैद्याची परीक्षा असते, कारण हाडाच्या लगेच पुढे गुदाशय आहे. हाडाची पाठ न सोडता काम केले तर धोका राहत नाही; घाई करून हाड सोडले तर तो आहे. हाड मोकळे झाले की काढून घेतात, त्रिकास्थीचे टोक घासून गुळगुळीत करतात, म्हणजे जुन्या टोकाच्या जागी नवे टोक रुतायला नको. मग सोडवलेले स्नायू एकमेकांशी शिवून झोळीची दोरी पुन्हा बांधून टाकतात, आणि जखम थराथराने बंद करतात.

येथे दर वेळी एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे: "डॉक्टर, हाडच काढल्यावर बसायचे कशावर?" त्याचे उत्तर वर आलेच आहे. बसायचे ते बैठकीच्या दोन हाडांवर, आणि ती जागच्या जागी असतात. तिवईचा तिसरा पाय मोडून लोंबकळत असला की तिवई डगमगते. तो काढून टाकला की तिचा बाक होतो, आणि बाकावर बसता येते.

यात धोका काय? सर्वांत मोठा धोका जखमेचा. ती जागा गुदद्वाराला लागून, घामाची, घर्षणाची. जंतूंना याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. २०११ साली काराडिमास व सहकाऱ्यांनी तोपर्यंतच्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एकूण ६७१ माणसांचे हाड काढले होते. त्यांपैकी ५०४ जणांना, म्हणजे चारांतल्या तिघांना, चांगला किंवा उत्तम गुण आला. ४७ जणांच्या जखमेत वरवरचे व ९ जणांच्या जखमेत खोलवर जंतुसंसर्ग झाला. सर्व प्रकारच्या अडचणी धरून प्रमाण ११ टक्के. म्हणजे चौथ्या माणसाला म्हणावा तसा गुण येत नाही, आणि नवांतल्या एकाला वाटेत काही ना काही त्रास होतो. हे आकडे आम्ही प्रत्येक रुग्णाला ऑपरेशनच्या आधी सांगतो. नंतर सांगितलेल्या आकड्याला सबबीचे मोल येते.

परंतु याच आढाव्यात आणखी एक गोष्ट निघाली. ज्यांचे दुखणे पडण्याने किंवा बाळंतपणाने सुरू झाले होते त्यांना गुण अधिक खात्रीने आला. ज्यांना कारण सापडत नव्हते, ज्यांना कण्याचे वा गुदाशयाचे दुसरे विकार होते, किंवा ज्यांची नुकसानभरपाईची प्रकरणे चालू होती, त्यांचा भरवसा कमी. आणि मेन्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ज्या ३७ जणांची हकीकत दिली, ते सगळे बसलेल्या फिल्ममध्ये हाड अस्थिर दिसलेले रुग्ण होते. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा २३ जणांना उत्तम व ११ जणांना चांगला गुण होता, तिघांचेच फसले. निवड नीट केली की तेच शस्त्र किती निराळे वागते ते पाहा.

आमच्या स्वतःच्या हातून दोन्ही घडलेले आहे. एक गृहस्थ होते. त्यांची कंबर दुखे, मांड्या दुखत, माकडहाडही दुखे. फिल्ममध्ये काही हलत नव्हते. ते वारंवार येत, कळवळून सांगत, "काढून टाका एकदा, मी लिहून देतो." त्यांच्या कळवळ्यापुढे आम्ही हार खाल्ली आणि हाड काढले. जखमेत पू झाला, दीड महिना ती वाहत राहिली, आणि ती भरल्यावर दुखणे होते तेथेच होते. ते गृहस्थ आम्हांस रागाने काही बोलले नाहीत. त्यांनी येणेच सोडले. दयेपोटी चालवलेली सुरीही चुकीच्या जागी चालली तर चुकच.

आणि त्या शिक्षिका? त्या पुन्हा आल्या, सहा वर्षांनी. मधल्या काळात आम्ही थोडे शिकलो होतो. या वेळी आम्ही त्यांना आडवे निजवले नाही. लाकडी स्टुलावर बसवले, मागे रेलायला सांगितले, आणि त्यांच्या तोंडून हुंकार निघाला तेव्हा फिल्म काढली. हाड आपल्या सांध्यातून मागे निसटलेले स्वच्छ दिसत होते. ती फिल्म आम्ही त्यांच्या हाती दिली आणि बोटाने जागा दाखवली. बाई बराच वेळ त्या फिल्मकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे खरेच होते." सहा वर्षे दुसऱ्यांनी नाही म्हटल्यामुळे त्यांना स्वतःलाही शंका वाटू लागली होती. आम्ही त्यांची क्षमा मागितली. इंजेक्शने झाली, दोनदा बरे वाटले, दोनदा उलटले. शेवटी हाड काढले.

ऑपरेशननंतरची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती रुग्णांना कोणी सांगत नाही. काही आठवडे त्यांना कुशीवर निजावे लागले, शौचास कडक होऊ नये म्हणून औषध घ्यावे लागले, जखम कोरडी ठेवण्यासाठी घरच्यांना राबावे लागले. दोन महिने झाले तरी दुखतच होते. सुनेने फोन करून विचारले, "डॉक्टरसाहेब, फसले का?" आम्ही म्हणालो, थांबा. मेन्य यांच्या रुग्णांना खरा आराम वाटायला चार ते आठ महिने लागले होते. हे आधी सांगितले नाही तर मनुष्य दुसऱ्या महिन्यात निराश होतो. बाईंना सहाव्या महिन्यात फरक पडू लागला. वर्षभराने त्यांच्या मुलाच्या लग्नाचे आमंत्रण आले. आम्ही गेलो तेव्हा पंगत बसली होती आणि बाई विहिणीशेजारी पाटावर बसून जेवत होत्या. आम्हांस पाहून उठू लागल्या, तेव्हा आम्हीच म्हणालो, "बसा, बसा."

श्रोतेहो, आमच्या सांगण्याचे सार इतकेच. या दुखण्यावर शस्त्र हा उपाय आहे. तो सर्वांचा नाही, पहिला नाही, आणि निर्धोकही नाही. पण ज्याचा तो आहे त्याला तो नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. तो कोणाचा आहे हे ठरवण्यासाठी लाकडी स्टूल आणि एक फिल्म पुरते; त्यासाठी मोठ्या यंत्रांपेक्षा समोरच्या माणसाचे ऐकण्याची तयारी अधिक लागते. आपल्या घरात कोणी उशीवर कलून बसत असेल, पंगतीला न बसता नेहमीच वाढत असेल, उठताना हात टेकत असेल, तर त्याला किंवा तिला एकदा विचारा. लाजेने तोंड उघडणार नाहीत. तरी पुन्हा विचारा. आणि डॉक्टर म्हणाला की फिल्ममध्ये काही नाही, तर नम्रपणे विचारा: फिल्म निजवून काढली होती की बसवून?

दीड तास आपण लोखंडी खुर्च्यांवर शांतपणे बसून आमचे ऐकलेत. आता उठताना आपल्यापैकी बहुतेकांना काहीही होणार नाही. ज्यांना काही होईल, त्यांनी ते मनात ठेवू नये, एवढी विनंती.